च

निहारच्या पुस्तकात च चमच्याचा.
सुटीचा अभ्यास मात्र: च-ची पाच फळं, भाज्या,
चिकू सोडून.
चिकू सोडला आणि त्याचं संपलंच.

म्हणून सक्करदऱ्याचा बुधवार बाजार,
सकाळचे आठ, ऊन आधीच डोक्यावर.
झेलाबाई कोडापे, देवलापारकडची.
तिच्या पोत्यावर
चिवळ, बोटभर, मातीसकट,
चारं, काळीजांभळी, पळसाच्या द्रोणात,
चिचबिलाई, उकलून गुलाबी झालेली,
आणि चुका.

निहार हसला. "चुका विकता तुम्ही?"
"हाव बाप्पा, दहाची जुडी.
वरणात टाकल्या का कोणी मोजत नाही."

पाचवं?
"चमकुरा. पण थो पाण्याबगर येत नाही.
आखाडात ये."

मग तिनंच विचारलं,
"थो च दिसते कसा, बाबू?"
त्यानं ओल्या पोत्यावर बोटानं काढला.
ती बघत राहिली.
ढिगातली एक शेंग उचलली, देठाशी वळलेली,
तराजूच्या दांडीला टेकवून धरली.
"हाच ना?"

हाच.
चाळीस वर्षं मी च लिहितो आहे,
झाडावर कधी दिसला नव्हता.

दुपार चिवळ निवडण्यात गेली.
चारांच्या बिया निहारनं खिडकीत वाळत घातल्या,
खारीनं नेल्या.

जुलैत वही परत आली.
'चुका' या शब्दाखाली बाईंची लाल रेघ.
पाचव्या चौकटीत
अजून पाऊस नाही.