रकाना क्रमांक चार

परिपत्रक आलं: समान अनुभव असलेल्या
शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी
आपापले गट नोंदवावेत, पंधरा तारखेच्या आत.
नाव, सभासदसंख्या, निमंत्रक,
आणि रकाना क्रमांक चार:
गटाचा उद्देश, पन्नास शब्दांत.

आम्ही तर सात वर्षं भेटतोच आहोत
गुरुवारी, दीड ते दोन,
परीक्षा विभागाच्या तळघरात,
जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत.
तांडेलबाईंना एकदा गठ्ठा सापडेना,
त्यांची हाक मला ऐकू येईना,
आणि मी दिलेलं उत्तर त्यांना.
तिथून सुरुवात.

मग फाटकावरचा इब्राहिम काझी आला,
डावा कान गेलेला.
मग रसायनशास्त्राच्या नाईकसाटम मॅडम,
केसांखाली यंत्र लपवून.
पहिले दोन गुरुवार म्हणाल्या,
मी नुसते गठ्ठे बघायला आलेय.
फिलोमिना रिबेलो ग्रंथालयातली.
तिथे सगळेच कुजबुजतात.
देवाने शोधून दिली गं नोकरी, म्हणते.

हातांची खुर्ची एकच. तिच्यावर डबे.
आम्ही गठ्ठ्यांवर:
मॅडम दोन हजार अकराच्या वाणिज्यावर,
काझी पुरवणी परीक्षेवर.
ट्यूबलाइट तोंडावर पडेल असं बघून.

काझी सांगतो: मोठ्या साहेबांनी
काच खाली केली, काही म्हणाले.
मी कडक सलाम ठोकला.
मागून ड्रायव्हरने सांगितलं, विचारत होते,
बायकोचं ऑपरेशन कसं झालं.

मॅडम सांगतात: तोंडी परीक्षेत
दाढीमिशीवाल्यांना सढळ हाताने मार्क देते.
ओठच दिसत नाहीत,
उगीच पोराचं नुकसान नको.

हसतो आम्ही. खूप हसतो.
आणि हसलेलं खरं असतं,
वर, स्टाफरूममध्ये, इतरांची तोंडं बघून
अर्धा क्षण उशिरा हसतो, तसं नाही.

मी सहायक अधीक्षक.
एका बैठकीत सगळ्यांबरोबर हात वर केला.
खाली आल्यावर कळलं, कशासाठी:
तीन हंगामी शिपाई कमी केले.
त्यातला दत्ताराम
चहा आणायचा तो टेबलाला वळसा घालून,
समोर उभा राहून, ओठ नीट हलवून
म्हणायचा, साखर कमी.
कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

हे मी तळघरात एकदाच सांगितलं, हळू आवाजात.
कुणी 'काय?' म्हणालं नाही.

नोंदणी झाली. उद्देश मॅडमनी लिहिला,
सक्षमीकरण, समावेशन, पन्नास शब्द चोख.
तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली,
लांबलचक टेबल, एसी, माईक, बिस्किटं.
एसीची घरघर यंत्रात शिरली,
माईकची भिंतींवरून उलटून आली.
शेवटी आम्ही तेच केलं
जे आयुष्यभर बैठकांत केलं:
माना डोलावल्या.

इतक्यात कलिन्यावर विमान उतरायला आलं,
अगदी डोक्यावरून.
भाषण करणारे उपकुलसचिव थांबले,
स्वागताची मुलगी थांबली,
शिपाई ट्रे धरून थांबला.
अर्धं मिनिट सगळी इमारत आमच्यात होती.
काझीने माझ्याकडे बघून डोळा मारला.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तळघर.
हजारो पोरांनी लिहिलेला कागद
छतापर्यंत रचलेला. तो आवाज पिऊन टाकतो,
उरतो तेवढा आपला.
वाळवीच्या पावडरीचा वास, तांडेलबाईंचं बोंबलाचं सुकं,
आणि कुणीतरी, 'काय?'
परत, 'काय?'
कपाळाला आठी न घालता परत सांगणारं कुणीतरी.

फिलोमिनाने कोऱ्या पुरवणीवर
चौथा रकाना पुन्हा लिहिला:
चौथ्यांदा 'काय?' विचारता यावं म्हणून.
पाच शब्द झाले, म्हणाली.
पंचेचाळीस उरले, ते वर पाठवून दे.

काय? मी विचारलं.