जागा चार

फॉर्मवर सात रकाने.
पहिल्यात मी केमिस्ट्री लिहिलं,
कारण बारावीला त्यातच बरे पडले
आणि लोट्याच्या कंपनीत मामेभाऊ हेल्पर आहे.

दुसऱ्या रकान्यात अडले. मायनर.
तन्झिला म्हणाली, बॉटनी घे,
सर श्रावणात सड्यावर नेतात, फुलं दाखवायला.
सड्यावर?
अगं, आम्ही तिथंच राहतो.

खिडकीला सुतळीने बांधलेलं पेन,
सुतळी आखूड, म्हणून सगळे वाकून लिहितात.
रत्नागिरीचा घाम मानेवरून फॉर्मवर.
बोडस बाई आतून: अडीचला बंद हं, मग सोमवारी.

यादी भिंतीवर.
गणित. प्राणिशास्त्र. संख्याशास्त्र, भरलं.
भूगर्भशास्त्र, आणि पुढे पेन्सिलीने: जागा ४.

बाबा चिरेखाणीवर मशीनमागे चालतात,
नाकाला पंचा, भुवया तांबड्या.
न्हाणीतून रोज संध्याकाळी तांबडं पाणी
अळवाच्या मुळाशी जातं.
चिऱ्यावर बोट वाजवून सांगतात
हा पायाला, हा गडग्याला,
हा मुंबईकराला दे, त्याला काय कळतंय.

सातवीत असताना विचारलं होतं,
जांभ्याला भोकं का असतात?
म्हणाले, असतात. आंब्याला कोय का असते?
मग जेवताना, घास हातात धरून:
गुरुजींना विचार.
गुरुजी म्हणाले, परीक्षेला नाही ते.

फोन लावला. पाती दगडात फिरत होती.
काय गो?
विषय घेत्येय. दगडांचा.
कसला?
दगडांचा!
पाती थांबली. मागे कुणीतरी ओरडलं, गोताड, काय झालं?
दगडाचं शिकायला पैसे भरायचे?
सगळ्या विषयांना सारखेच, बाबा.
बराच वेळ नुसता वारा.
खाणीवर नाय ना घेणार कामाला तुला?
नाही.
मग घे.
आणि मी ठेवायच्या आत, घाईघाईत:
ती भोकांची गोष्ट पण विचार.

पुढचे पाच रकाने कसे भरले आठवत नाही.
योग लिहिलं असावं. मोडी लिपी पण, बहुतेक.

बोडस बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला,
कोपऱ्यातल्या तांबड्या अंगठ्यावर खोडरबर घासला.
हा डाग कसला?
घरचा आहे, म्हटलं.
जात नाही तो.

मग त्या उठल्या, चष्मा सारून भिंतीपाशी गेल्या,
त्याच खोडरबराने चार पुसला
आणि तीन लिहिला.