नवगावकर

कर्वे रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जिन्यात चपला काढायच्या
आणि अकराव्या शतकात जाऊन बसायचं.

इंग्लंडातली माणसं पैसे भरून विचारतात,
आमचा मूळपुरुष विल्यमच्या गलबतातून उतरला होता का?
मी शोधते. तासाला एकशे ऐंशी.

आज लीड्सचे एक नेव्हिल. आयुष्यभर नळ दुरुस्त केले,
आता त्यांना ढाल हवी आहे,
ढालीवर मागच्या पायांवर उभं काहीतरी जनावर.

नेव्हिल म्हणजे नवं गाव.
नॉर्मंडीत असली नवी गावं पैशाला पासरी.
बोमाँ म्हणजे बरी दिसणारी टेकडी.
ग्रोव्हनर म्हणजे थोरला शिकारी,
ढेरपोट्या असंही वाचता येतं, तसं कळवत नाही.
आणि त्याआधी, खूप आधी, उत्तरेकडचे चाचे,
एका राजानं किनारा देऊन गप्प बसवलेले.

पण गावात असताना
गावाच्या नावानं कोण हाक मारतं?
तिथे तो खोकणारा ह्यू, नाहीतर ठेंगू रॉबर्ट.
गाव सुटलं की मगच ते
नावाच्या शेपटाला येऊन चिकटतं.

आमचं नवगाव कुठलं?
बाबा म्हणायचे भीमेकाठचं. काका जुन्नरकडे बोट दाखवतात.
आजोबांकडे हेळवी यायचा, बैलावर वह्या लादून.
पायलीभर ज्वारीला एक पिढी,
दोन पायल्या घातल्या की
पिढीत एखादा किल्लेदार.
तिकडेही मठातल्या यादीत
दक्षिणा घेऊन नावं घुसवली, म्हणतात.

चार वाजता सापडला एक जॉन नेव्हिल,
करपट्टीच्या नोंदीत, चार पेन्स.
काम: नेव्हिलांच्या तबेल्यात.
मालकाचं नाव घोड्यांसोबत त्यालाही लागलेलं.

दिघे सर म्हणाले, "संबंध शक्य आहे, असं लिहा.
'नाही' लिहिलं की लोक पैसे परत मागतात."
मी लिहिलं. खाली तबेल्याचंही लिहिलं,
बारीक अक्षरात.

उतरताना झेरॉक्सवाल्या पोरानं पावती दिली.
'नवगवकर'. काना राहिलाय.
समुद्र ओलांडताना
असंच काही काही गळालं असेल.

मी पावती घडी करून पर्समध्ये टाकते,
दुरुस्त करत नाही.