गोडवा असला की

डिसेंबर. लोकमान्य नगर. संध्याकाळचे साडेसात.
आमच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदाच
दोन बाटल्या उभ्या.

याआधी मी त्या पाहिल्या गोणपाटात, पंचनाम्यात,
लाखेच्या सीलखाली, दोन पंचांच्या सह्यांसकट.
एकतीस वर्षं आबकारीत काढली:
धार, झाबुआ, इंदूर, मग पुन्हा झाबुआ,
कारण एकाची गाडी मी सोडली नव्हती.
घोट मात्र एकही नाही. कुंदाला शब्द दिला होता.

शाल्मलीने दूध सोडलंय.
तूप, दही, मधसुद्धा.
इंदुरात राहून हे म्हणजे
रात्री सराफ्यात जायचं
आणि बंद दुकानांच्या पाट्या वाचून परत यायचं.
बाफल्याला तूप नको म्हणाली तेव्हा
कुंदाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला,
मग गुमान शेंगदाण्याचं तेल काढलं.

"वाइनसुद्धा सगळी चालत नाही मला,
काही लोक अंड्याच्या पांढऱ्याने निवळतात."
कुंदा माझ्याकडे वळली,
"बघा! मला वाटायचं, दारूत काय असेल ते असेल,
अंडं तरी नसेल."
ही नाशकाकडची. मातीने निवळलेली.
माती चालते.

ताटात गराडू, दोनदा तळलेला,
वर जिरावण, वर लिंबू.
भरली वांगी, तीळ-कूट घालून.
चुक्याची पातळ भाजी.
शाल्मली समजावत होती,
तिखटाला जराशी गोड घ्यायची,
मेथीसमोर लाल आणायची नाही,
कडू कडूच्या अंगावर जातं.
ऐकताना मला भदौरियाच्या धाडीआधीच्या सूचना आठवल्या.

मला राहवेना.
पेन्शनच्या फायलींमागून हायड्रोमीटर काढलं,
निरोपाच्या दिवशी खिशात घातलेलं,
माझी एकुलती एक चोरी.
उंच पेल्यात पांढरी ओतली, हळूच सोडलं.
डुललं, थांबलं.
आकडा एक, फार तर दीड.
बाटलीवर छापलेलं, बारा.

"साखर उरलीय तिच्यात, बाबा."
ठाऊक होतं.
ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात सांगतात,
गोडवा असला की हे यंत्र खोटं बोलतं.
आधी उकळा, वाफ धरा, निववा, मग मोजा.
पण गराडू गार होत होता.

कुंदाने यंत्र उचलून बशीत ठेवलं,
पेला घेतला,
गराडू तोंडात असतानाच एक घोट,
डोळे मिटून, आमटीतलं मीठ बघतात तसा.
आम्ही दोघं गप्प.

"ही गराडूची.
जिरावणातलं काळं मीठ वर आणते.
चुक्याशी बसवू नकोस, भांडतील."
मग लाल.
"ही वांग्याची. पण कूट कमी पडलंय,
हिला धरायला काहीतरी जड लागतं."

शाल्मलीने फोन उलटा ठेवला.
"आई, हे शिकायला मी सहा महिने फी भरली."

मी विचारलं, तुला कसं कळतं?
ती वांग्याचं देठ बाजूला काढत म्हणाली,
"एकतीस वर्षं तुमचे शर्ट कोणी धुतले?
मोहाची पकडली की कॉलरला एक वास,
रम फोडली की बाहीला दुसरा.
त्यावरून ठरवायचे मी,
रात्री भात टाकायचा की भाकरी."

धाडीच्या रात्री घरी भाकरी असायची,
हे मला आत्ता आठवलं.

तिने मला पेला दिला. शब्दाबद्दल बोलली नाही.
मीही नाही.
आंबट, थंड, मग उशिराने थोडं गोड,
आणि खाली गराडूची खरपूस कड.

चुक्याला मात्र काहीच जमलं नाही.
पांढरी नाही, लाल नाही.
ती भाजी आम्ही तिघांनी भातावर घेतली
आणि वर पाणी प्यालो.