पान उलटून

टोमॅटो बुडाशी काळे पडायला लागले.
वरून लालबुंद, देखणे,
खाली तव्याला टेकवल्यासारखा डाग.
मी म्हटलं, कीड. औषध आणलं, फवारलं.
डाग तसाच.

बियाण्याच्या दुकानातल्या हत्तुरेंनी विचारलं,
पाणी कधी घालता?
नळाला येतं तेव्हा.
म्हणजे कधी?
म्हणजे पाचव्या दिवशी. कधी सहाव्या.
कधी रात्री अडीचला.
ते हसले नाहीत. सोलापुरात यावर कोणी हसत नाही.
म्हणाले, झाडाला रोज घोटभर लागतं;
पाच दिवस उपास आणि मग एकदम बादली,
याला पाणी घालणं म्हणत नाहीत.

मग गच्चीवरच्या निळ्या पिंपांत
(रंगाच्या कारखान्यातली, अर्धी कापलेली,
अजून नखाला जांभळं लागतं)
दर झाडाच्या बगलेला मडकं पुरलं गळ्यापर्यंत,
वर पणतीचं झाकण.
मातीवर अंथरला मागाखालचा कचरा,
टॉवेलांचे तुकडे धागे, गुलाबी, मोरपंखी,
तीस वर्षं मी झाडून फेकले ते.
त्रेचाळीस डिग्रीत माती पांघरूण घेऊन झोपली.
चादरीचं गाव आमचं, तिनंच उघडं का राहावं.

डाग गेले. सगळे नाही.
पहिल्या तोड्यात चार-पाच निघतातच.

भेंडीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा
मला काही करावंच लागलं नाही.
नरसव्वानं सुपातला तंबाखूचा चुरा
रात्रभर भिजवला, जुन्या धोतरातून गाळला,
साबण फेसला, केरसुणीनं शिंपडला.
"चाळीस वर्षं ह्यानं माझी छाती खाल्ली,
आता जरा ढेकणाची खाऊ दे."
खाल्ली.

आणि मग मिरची बिघडली.
हिरव्यात पिवळे चट्टे, पानं आखडलेली,
जुन्या भिंतीवरच्या रंगासारखी.
एक फांदी पिशवीत घालून नेली.
हत्तुरेंनी पान उजेडाला धरलं, उलटलं,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
घरात विड्या वळतं का कोणी?

हाताला लागून येतो हा रोग.
तंबाखूवरून बोटांवर, बोटांवरून शेंड्यावर.
औषध नाही. झाड उपटा.
बाकीच्यांना शिवायच्या आधी हात साबणानं धुवा,
मग दुधानं.

दोन दिवस मी सांगितलं नाही.
ती रोज पहाटे शेंडे खुडायची, प्रत्येकाशी काहीबाही बोलत,
निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, काय बघायलास माझ्या हाताकडं?

सांगितलं.
ती काही बोलली नाही. सुपातली वळलेली विडी
उलगडली, पुन्हा वळली, दोरा बांधला.
मग आत जाऊन वाटीभर दूध घेऊन आली,
"नातवाच्या चहात मी हे मोजून घालते,"
आणि मोरीवर बसून हातांवर ओतलं,
कोपरापर्यंत, हळूहळू, थेंब न सांडता.
पुसले. हुंगले.
वास होताच.

आता ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते
आणि मी तिचे हात असतो. वाईट हात.
"तो नको, शेजारचा. जोरात नको ओढू, माग नाही तो.
आधी पान उलटून बघ.
वरून सगळं चांगलंच दिसतं."
चाळीस वर्षं विडीचं पान दोन्ही अंगांनी बघितलेली बाई.
मला दिसत नाही ते तिला दहा फुटांवरून दिसतं.
चार मिरच्या उपटल्या. दोन वाचल्या.
त्यातली एक कशी वाचली हे हत्तुरेंनाही माहीत नाही.

कोपऱ्यात फुटक्या टोपल्यात अंबाडी आहे.
आमच्या घरात तिला पुंटीकूरा म्हणतात.
तिला मडकं नाही, धागे नाहीत, औषध नाही.
तिला काही होत नाही.
संध्याकाळी सूप उतरवून ठेवलं की
नरसव्वा तिच्यापाशी जाऊन बसते,
हात न धुता,
आणि दोन्ही हातांनी खुडते.