दाताने ऐकणे

लळिंगचा घाट उतरून धुळ्यात शिरताना
टायरवाल्याला लागून पत्र्याची शेड आहे,
पाटीवरचं नाव उन्हाने खाल्लंय.
तिथे मी असतो. बहुतेक गाडीखाली,
म्हणजे तुम्हाला माझे पायच दिसतील.

डावा कान एका दिवसात गेला नाही.
बत्तीस वर्षं रेस केलेली इंजिनं,
घणाखाली न सुटणाऱ्या गंजक्या पिना,
कानाशी फुटलेला एक एअरपाइप.
आता लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावतो
आणि मूठ दातात धरतो.
जबड्यातून वर येतं सगळं:
कोणता टॅपेट ढिला, कोणता इंजेक्टर मुतरा.
पोरं म्हणतात, उस्ताद इंजिन चावून बघतात.

बायको मागून हाक मारते
ते मात्र दाताला कळत नाही.

हात आधी डिझेलने धुतो, मग भुशाने,
मग कपड्यांच्या पावडरने, ती फार चावते.
तरी भेगांत काळं राहतंच.
ज्वारीच्या पांढऱ्या भाकरीवर बोटं उमटायची.
वत्सा काही बोलली नाही कधी,
फक्त कळण्याची करायला लागली,
उडदाची, काळसर.
तिच्यावर काही दिसत नाही.

गिअरबॉक्स कसा चढवतात ते सांगतो.
जॅक असतो. एकच असतो, आणि तो कायम
दुसऱ्या गाडीखाली असतो.
म्हणून उताणं पडायचं.
दोघं जण ते धूड तुमच्या छातीवर आणून ठेवतात.
मग गुडघे वर, पाठ जमिनीला,
श्वास अर्धाच घ्यायचा,
आणि शाफ्टचे दाते क्लचप्लेटच्या दात्यांत बसेपर्यंत
त्याला हळूहळू हलवत राहायचं,
तान्हं निजवल्यासारखं.
मे महिन्यात,
पाना उचलायला गोणपाट लागतं तेव्हासुद्धा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.
मणक्यांतल्या गाद्या बसल्यात म्हणाले,
कडक फळीवर झोपत जा.
मला हसू आलं.
जन्म फळीवरच काढला की,
खाली चार बेअरिंगा लावलेल्या.
वर ते म्हणाले, मिस्तरी, शरीर म्हणजे गाडीच.
नाही हो डॉक्टर.
गाडीचा विमा असतो,
आणि ती उभी राहिली
की मालकाला झोप लागत नाही.

परवा सावद्याची केळी घेऊन गाडी आली,
घाट चढायच्या आधीच बसली.
ड्रायव्हर सारखा ताडपत्री उचलून आत बघायचा,
आजारी माणसाचं पांघरूण उचलावं तसा.
उस्ताद, सकाळपर्यंत माल पिवळा पडंल.
सवयीने मी खाली सरकलो, उताणा पडलो.
रुबाब तडव्याने माझे पाय धरले
आणि फळीसकट मला बाहेर ओढलं,
एखादं खोकं ओढावं तसं. बोलला काही नाही.
मग स्वतः शिरला. वय एकोणीस.
थांब, म्हटलं, जॅक मोकळा होऊ दे.
त्याला ऐकू गेलं. त्याने ऐकलं नाही.
त्याच्या वयात माझे दोन्ही कान चांगले होते,
मीही नव्हतं ऐकलं.

बाहेर उकिडवा बसून मी बॅटरी धरली.
उजेडात फक्त त्याची छाती दिसत होती,
थोडी वर, थोडी खाली.
पूर्ण कधीच नाही.
पहाटे साडेतीनला दाते बसले.
ड्रायव्हरने सगळ्यांना दोन-दोन केळी दिली,
कच्ची, हिरवीगार.

रविवारी मुलगी आली.
तीन महिन्यांची नात माझ्या छातीवर ठेवली,
म्हणाली, निजवा जरा, मी चहा टाकते.
पोर लगेच निजलं. मी गुडघे वर घेतले होते,
पाठ जमिनीला दाबून धरली होती,
कधी ते कळलं नाही.

मुलगी दारात उभी होती.
काहीतरी म्हणत होती.
तिच्या ओठांवरून कळलं,
बाबा, श्वास घ्या ना.