टांगणीला

वालपाराइसोच्या टेकडीवर आमचं घर,
खाली धुकं, धुक्याखाली जहाजांचे भोंगे.
एलेउतेरिओ तीस वर्षं तीच तारेची गाडी चालवतो:
एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो,
दोघांचं वजन एकमेकांना तोलून धरतं.
हिशोब चुकत नाही, तो म्हणायचा.

रात्री मात्र त्याचा श्वास
अर्ध्या चढणीवर थांबतो.
घोरणं तुटतं. मी मोजते:
सोळा, सतरा, बावीस.
माझा जीव टांगणीला,
आणि त्याचाही, फक्त त्याला ठाऊक नाही.
एकतीसला आचका देऊन वर येतो,
कूस बदलतो, पुन्हा घोरतो.

विजेच्या बिलामागे मी आकडे लिहिले.
तासाला चाळीस झाल्यावर पेन्सिल ठेवून दिली.

सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं: एकशे अडतीस.
रात्री काही खाल्लं नाही, तो शपथेवर सांगतो,
आणि खरंच सांगतो.
दवाखान्यातली यास्ना म्हणाली,
गळा मिटला की शरीराला वाटतं घर पेटलं.
यकृत घाबरून कोठाराचं दार उघडतं,
साखर रक्तात धावत सुटते,
आणि ती खर्चायला कोणी उठलेलंच नसतं.
चाळीस वेळा आग, चाळीस वेळा बोंबाबोंब,
पहाटेपर्यंत एक पाऊल पडलेलं नाही.

मग दिवसा पेंगणं.
पेंगणारं शरीर पाव मागतं,
दोन एम्पनाडा मागतं, वर गोड चहा.
मान जाडावते,
मान जाडावली की रात्र अरुंद होते.
एक डबा वर, दुसरा खाली.
चुकत नाहीच तुझा हिशोब.

मार्चमध्ये दांड्यावर हात ठेवूनच त्याला डुलकी लागली.
डबे मध्येच थांबले, समोरासमोर.
एका डब्यात मासळीची टोपली घेतलेला म्हातारा,
दुसऱ्यात शाळेची दोन पोरं, खिडकीतून हात हलवत.
अकरा मिनिटं घंटा वाजत होती.
झोपलो नव्हतो, घरी येऊन म्हणाला,
नुसते डोळे मिटले होते.
आणि जेवला नाही. पहिल्यांदाच.

आता त्याच्या नाकावर मुखवटा, उशाशी यंत्र,
नळीतून बारीक वारा.
पहिल्या आठवड्यात दोनदा भिरकावून दिला,
दोनदा मी अंधारात चाचपून पुन्हा बांधला.
साखर अजून एकशे एकतीस.
वेळ लागेल, यास्ना म्हणते.

तो गाढ झोपतो.
मला झोप नाही.
मी अजूनही मोजते,
कितीपर्यंत मोजायचं तेच आता कळत नाही.